उरलेल्या दोन हाका

तळोज्याच्या मागच्या डोंगराच्या कुशीत वाकडीपाडा. चांगुणा लग्न होऊन तिथं आली, तेव्हा तिचा आवाज गावात गाजला होता. लावणीच्या दिवसात ती एका बांधावरून हाक मारायची आणि चौथ्या बांधावरची बाई कंबर सरळ करून बघायची. सासू म्हणायची, "बाय, ह्यो गला हाय का भोंगा?" आणि पुढं हीच चांगुणाबाई वनोद्यानाच्या फाटकावर बसायला लागली, तेव्हा येणाऱ्याजाणाऱ्याला ती मुकीच वाटायची. 'किती माणसं?' हेसुद्धा ती बोटांनी विचारायची. एवढा मोठा आवाज काही आपोआप बसत नाही. तिचा का बसला, त्याचीच ही गोष्ट आहे.

गावाच्या वर, डोंगराच्या पोटात, चेडोबाची राई होती. किती जुनी? गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारलं तर तो म्हणे, माझ्या आज्याच्या आज्यालाही ती म्हातारीच दिसली. ऐन, किंजळ, बेहडा, आणि त्यांना विळखे घालून बसलेल्या मांडीएवढ्या गारंबीच्या वेली. भर दुपारी आत शिरलं तरी संध्याकाळ झाल्यासारखं वाटायचं. मधोमध शेंदूर फासलेला, नाकडोळे नसलेला धोंडा, तो चेडोबा. राखणदार. मनानं चांगला, पण तापट, असं त्याच्याबद्दल गावाचं मत होतं.

राईचे नियम होते आणि ते कुणी लिहून ठेवायची गरज नव्हती. शिवेवर एक सपाट कातळ होता. चपला त्या कातळापाशी काढायच्या. आतलं पान बाहेर न्यायचं नाही, वाळकं असलं तरी नाही. आत कुणाला नावानं हाक मारायची नाही, कारण राई नाव शिकते. मारायची ती कूक, आणि तीही तीनदा. तीनदा का? तर राईत जे काही वावरतं, त्याला एका हाकेपुरताच दम असतो. माणूस तीनदा हाक मारतो. म्हणून आपल्याला कुणी हाक मारली, तर एका हाकेला ओ द्यायची नाही, थांबायचं. तीन झाल्या की समजायचं, आपलंच माणूस आहे. आणि दिवेलागण झाली की राईत पाऊल टाकायचं नाही, राईकडे तोंड करून आवाजही काढायचा नाही. सकाळपर्यंत ती राई चेडोबाची.

राईची पूजा चांगुणाच्या सासरी होती. तिचा नवरा किसन दर रविवारी धोंड्यापुढं दिवा लावायचा. उंच, काटक, आणि बोलका इतका की बांधावरच्या बगळ्यालाही दोन गोष्टी सांगून पुढं जाईल. नवराबायकोत 'आगं' आणि 'आवं' एवढ्यावर सगळा संसार चालायचा. तिनं त्याचं नाव घेतलं ते एकदाच, लग्न होऊन आली तेव्हा उंबरठ्यावर. 'चेडोबाच्या राईला धोंड्यांचं कुंपन, किसनाचं नाव घेते, ऐका समदे जन.' चौथ्या बांधापर्यंत गेलं ते नाव. त्यानंतर घेतलं नाही. नवऱ्याचं नाव का कुणी घेतं?

त्र्याहत्तर साली जंगल खात्याचे लोक आले, साखळ्या टाकून डोंगर मोजून गेले. वर्षाच्या आत खाली फाटक लागलं, पाटी लागली. पाटीवर 'वनोद्यान' असं छापलं होतं, पण लोक सरळ नॅशनल पार्क म्हणायला लागले. 'प्राचीन देवराई, आपला सांस्कृतिक ठेवा' असंही खाली बारीक अक्षरात होतं. ठेवा आपला म्हटल्यावर तो बघायला माणसं येणारच. खाडीवरचा पूल झाला होता, वाशीला नवे फ्लॅट भरत होते, आणि त्या फ्लॅटमध्ये राहायला आलेल्या माणसांना रविवारी काय करावं ते सुचत नव्हतं. मग बस करायची आणि यायचं. खात्यानं किसनला वाटाड्या म्हणून ठेवून घेतलं, खाकी शर्ट दिला. शर्ट घालून तो घरी आला तेव्हा चांगुणा हसत सुटली. तो म्हणाला, "हास, हास. आता चेडोबा बी सरकारी नोकर झाला."

किसनची कामाची एक पद्धत होती. तो माणसं मोजायचा नाही, चपला मोजायचा. माणसं हलतात, दोनदा मोजली जातात. चपला कातळापाशी गप पडून असतात. आत जाताना जेवढे जोड, बाहेर येताना तेवढे जोड पायात गेले की झालं.

पंच्याहत्तरच्या मार्गशीर्षात, एका रविवारी, वाशीहून एक अख्खी सोसायटी आली. मालतीबाई म्हणून एक शाळामास्तरीण त्यांच्या पुढं होत्या, महिला मंडळाच्या अध्यक्ष. हसतमुख बाई, पण सगळ्यांना कामाला लावणारी. नंदकुमार नावाचा एक बँकेतला तरुण होता, त्याच्या गळ्यात नवा कॅमेरा. बाकी बाया, पुरुष आणि पोरांचा हा गलका. चांगुणानं खाली चूल मांडली होती. अशा मंडळींना ती पिठलं-भाकरी करून घालायची.

किसननं कातळापाशी सगळ्यांना उभं केलं आणि नियम सांगितले. "मंडली, चपला हितं काडा. राईतला पान बी भायेर न्यावाचा नाय. कुनाला नावानी हाक मारावाची नाय, कूक मारावाची, तीन येला. आनि तुमाला कुनी हाक मारली, तर एका हाकंला वो देवाची नाय. तीन जाल्या तर मानूस."

"आणि एकच झाली तर?" नंदकुमारनं विचारलं.

"तर मानूस नाय," किसन म्हणाला. बाया लटक्या भीतीनं एकमेकींना चिकटल्या आणि हसल्या.

पोरांना त्यातलं कूक तेवढं पुरलं. आत गेल्यापासून त्यांनी कुकांचा असा धुमाकूळ घातला, की झाडावरची वटवाघळं दिवसाउजेडी उठली. इकडून कूक, तिकडून कूक. एक पोरगं लपायचं आणि दहा जणं कूक मारायची. किसन दोनदा म्हणाला, "पोरानु, यो खेल न्हाय." पण पाहुण्यांना रागावू नये, असं खात्याच्या साहेबानं त्याला बजावलेलं होतं. बापजाद्यांनी संकटासाठी जपून ठेवलेली कूक एका दुपारीत पोरांनी फुकून टाकली, आणि त्याला ते बघत राहावं लागलं.

साडेचारला सगळे बाहेर आले. कातळापाशी बुटांचा एक जोड उरला. तपकिरी, बकलाचा.

"नंदूचे!" मालतीबाई म्हणाल्या. "फोटो काढत मागं राहिला असेल."

किसननं सूर्याकडं पाहिलं. अजून तासभर उजेड होता. "आलु," असं चांगुणाला म्हणून तो परत आत गेला. जाताना त्यानं आपल्या चपला कातळापाशी काढल्या, टाचा राईकडे करून, नेहमीसारख्या.

पंधरा मिनिटांनी नंदकुमार आला. राईतून नाही, वरच्या पायवाटेनं. अनवाणी, लंगडत, तक्रार करत. ओढ्याकडून तो राईबाहेर पडला होता आणि डोंगरावर चढून खाडीचे फोटो काढत बसला होता. "माझे बूट कुणी हलवले का?" एवढंच त्यानं विचारलं आणि मग तो पिठल्याला बसला.

आता किसनला परत बोलवायचं होतं. चांगुणा कातळापाशी गेली आणि तिनं कूक मारली, तीनदा. तिच्या मागून दहा पोरांनी कूक मारली. तिनं पोरांना हातानं गप केलं, परत मारली. पण आत किसननं दुपारभर कूकच ऐकली होती. त्याला कसं कळावं, की ही खेळातली नाही?

बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. मालतीबाई पुढं आल्या. "अहो वहिनी, नावानं हाक मारा ना सरळ. तुमचा आवाज ऐकला की येतील धावत."

"नावानी नाय मारीत आमी," चांगुणा पदर सावरत म्हणाली.

बायकांना नेमकं हेच हवं होतं. मालतीबाईंनी टाळी वाजवली, "नाव घ्या, नाव घ्या!" मग सगळ्याच जणी, गोल करून, लग्नातल्यासारखं, "नाव घ्या, नाव घ्या!" चांगुणा लाल झाली. उजेड कमी होत होता. तिनं राईकडे तोंड केलं, डोळे मिटले आणि हाक मारली.

"किसनाऽऽ!"

काय हाक होती ती! राईच्या आत पार बुडापर्यंत गेली असेल. क्षणभर सगळी राई चिडीचूप झाली. आणि मागं बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. "घेतलं, घेतलं! वहिनींनी नाव घेतलं! अहो, आता परत एकदा, उखाण्यात!" कुणीतरी तिला चिमटा काढला. पोरं "किसना, किसना" करत उड्या मारायला लागली, त्यांना आयांनी बसकडं पिटाळलं. चांगुणानं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि ती चुलीकडे पळाली. "येतील की," ती म्हणाली. "भूक लागली म्हंजे येतील."

बस गेली. राईच्या तोंडाशी उजेड होता तो विझला. दिवेलागण झाली आणि नियमाप्रमाणे राई चेडोबाची झाली. किसनचा धाकटा भाऊ गंगाराम आणि गावातली माणसं फाटकापाशी सकाळपर्यंत बसून राहिली. आत कुणी गेलं नाही, हाक कुणी मारली नाही. सूर्य उगवल्यावर ती आत शिरली. कूक मारली, कपारी पाहिल्या, ओढा पाहिला, दरीत दोर सोडले. आठ दिवस शोधत होती. ना किसन मिळाला, ना त्याच्या खाकी शर्टाचं बटण. कातळापाशी तेवढ्या त्याच्या चपला, टाचा राईकडे.

*

गावानं कारण शोधायला फार दिवस घेतले नाहीत. बायकोनं राईत नाव घेतलं, राईनं ते शिकून घेतलं, चेडोबानं माणूस ठेवून घेतला. गंगाराम असं कधी बोलला नाही. त्याची बायको बोलली, ती विहिरीवर, चार जणींत, म्हणजे एकदाच बोलून पुरेल अशी. पण चांगुणाला कुणी सांगायची गरज नव्हती. आपल्या गळ्यानं घात केला, हे तिनं पहिल्याच सकाळी मनाशी ठरवून टाकलं. ज्या आवाजानं नवरा गेला, तो आवाज परत काढायचा नाही. ती कुजबुजून बोलायला लागली, मग बोटांनी. कुंकू मात्र तिनं पुसलं नाही. देह मिळाला नव्हता. तप उलटेपर्यंत, बारा वर्षं, वाट बघायची रीत होती.

साहेब माणूस बरा होता. त्यानं किसनची जागा तिला दिली. फाटकावर तिकिटं फाडायची आणि राईच्या कातळापाशी मंडळींना नियम सांगायचे. तेवढं मात्र बोलावं लागायचं. किसनचेच शब्द, त्याच क्रमानं, खालच्या आवाजात. रोजचंच झालं की तोंड बोलतं आणि डोकं घरी असतं.

पार्क वाढत गेलं. फाटकाबाहेर बर्फाच्या गोळ्याची गाडी आली, चिवड्याच्या पुड्यांच्या माळा लटकल्या. कातळापाशी राईच्या नियमांची पाटी लागली. वरच्या सुळक्याला खात्यानं कठडा बांधला आणि 'एको पॉइंट' अशी पाटी ठोकली. तिथं उभं राहून माणसं स्वतःचीच नावं बोंबलायची, समोरचा डोंगर ती परत द्यायचा, आणि माणसं खूश व्हायची. आपलं नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची एवढी हौस असते, हे चांगुणाला तिथं कळलं. राई मात्र तसं काही करायची नाही. राईत गेलेला आवाज परत येत नव्हता. खाली तळोज्याला धुराड्यांवर धुराडी उभी राहिली. वाशीला मोठा कांदाबाजार सुरू झाला, तिथं हमालीला गावातली निम्मी माणसं जायला लागली, आणि पाड्यातली बोलीही बदलली. चांगुणा रोज संध्याकाळी पर्यटकांच्या चपला मोजायची, सगळे जोड गेले की फाटक लावायची.

एका पौषात, सगळी मंडळी गेल्यावर, कातळापाशी एक जोड उरला. पुरुषाच्या, जुन्या वळणाच्या, कातड्याच्या चपला. टाचा राईकडे. चांगुणा बघत उभी राहिली. दिवेलागण होत आली होती. हात लावायचा तिला धीर झाला नाही. ती धावत घरी आली, माळ्यावरचं गाठोडं सोडलं. किसनच्या चपला त्यात जागच्या जागी होत्या. तिनं त्या उलट्या केल्या. तळाला ओली माती होती.

सकाळी कातळापाशी काही नव्हतं. पौषात पाऊस नाही, माळ्यावर पाणी नाही, मग माती ओली कशी? खरं-खोटं चेडोबा जाणे. चांगुणानं ती माती पुसली नाही. गाठोडं पुन्हा बांधलं आणि कुणाला काही सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून फाटक लावताना तिला पाठीवर काहीतरी जाणवायचं. राई तिच्याकडे बघत नव्हती. राई कान देऊन बसली होती. कुणीतरी आत श्वास धरून, काहीतरी ऐकू येईल म्हणून थांबलंय, असं. कशाची वाट बघतंय, ते मात्र तिला कळायचं नाही.

ते कळलं सत्त्याऐंशीच्या दिवाळीत.

सुट्टीची गर्दी होती. नेरूळहून आलेलं एक कुटुंब कातळापाशी उभं होतं. पोट सुटलेला, डोक्यावरचे केस विरळ झालेला गृहस्थ बायकोला सांगत होता, "अगं, मी इथं लग्नाआधी आलो होतो. काय धमाल! तेव्हाच्या वाटाड्याच्या बायकोला आमच्या मालतीबाईंनी नाव घ्यायला लावलं होतं. काय लाजली होती बाई!" चांगुणानं त्याच्याकडे पाहिलं. कॅमेरा दुसरा होता. बूट बकलाचेच होते. पुढं त्या वाटाड्याचं काय झालं, हे याला कधी कळलंच नव्हतं. बस गेली ती गेली. तो हसला, म्हणाला, "काय मावशी, अजून तेच नियम का?" त्यानं तिला ओळखलं नाही.

चांगुणानं नियम सांगायला सुरुवात केली. चपला, पान, कूक. "... कुनी हाक मारली तर एका हाकंला वो देवाची नाय. तीन जाल्या तर मानूस."

नंदकुमारची आठ वर्षांची मुलगी, स्मिता, लक्ष देऊन ऐकत होती. तिनं विचारलं, "आणि खरा माणूस असला, पण त्यानं एकदाच हाक मारली तर?"

"तर वो देवाची नाय," चांगुणा म्हणाली.

"मग तो खरा माणूस बिचारा हाक मारून निघून जाणार? आणि आतला तसाच थांबणार?"

"स्मिता, चूप," आई म्हणाली.

चांगुणा कातळावर बसली. बारा वर्षं हजारो माणसांपुढं ती हे वाक्य बोलत आली होती, आणि एकदाही तिनं ते स्वतः ऐकलं नव्हतं. किसननं हाक ऐकली होती! चौथ्या बांधावर जाणारा आवाज त्याला ऐकू गेला नसेल कसा? कपारीत पाय अडकून पडला असेल, वेलीखाली सापडला असेल, पण ऐकलं असेल. आणि तो राईचा पुजारी. बायको नाव घेत नाही हे त्याला ठाऊक. राईत आपल्या बायकोच्या आवाजात आपलं नाव कोण घेईल? म्हणून तो थांबला. दुसऱ्या हाकेसाठी थांबला, तिसऱ्या हाकेसाठी थांबला. आणि ती चुलीपाशी पदराचा बोळा तोंडात धरून बसली होती, चार परक्या बाया हसल्या म्हणून.

हाक मारल्याचं पाप ती बारा वर्षं वाहत होती. पाप भलतंच होतं. तिनं हाक पुरी मारली नव्हती.

*

मार्गशीर्षाच्या अवसेला तप पुरं होत होतं. गंगाराम घरी आला, खाटेच्या कडेला बसून म्हणाला, "वैनी, आता करून टाकू. पलसाच्या पानांचा पुतला करू, आग देऊ. दादूस मोकला होईल. तुमी पन." बोलताना तो तिच्या कपाळाकडे बघत नव्हता.

"करा," चांगुणा म्हणाली. "पन आदल्या दिसाची सांज मना द्या."

"कशाला?"

"माजा काम ऱ्हायलाय."

आदल्या दिवशी पाचला तिनं फाटक लावलं. गाठोड्यातून किसनच्या चपला आणल्या होत्या, त्या कातळापाशी ठेवल्या. शेजारी आपल्या काढल्या. मग ती आत गेली, चेडोबाच्या धोंड्यापर्यंत. गारंबीच्या वेलींखाली अंधार गोळा व्हायला लागला होता. भूत भेटेल ही भीती नव्हती. आवाज फुटेल की नाही, ही भीती होती. पहिली हाक बारा वर्षांमागं मारून झाली होती. उरल्या होत्या दोन.

"किसना..." घशातून नुसती खरखर आली. तिनं धोंड्याला हात टेकला, श्वास घेतला.

"किसनाऽऽ!"

गंजलेली कडी निघावी तसा तो आवाज निघाला, आणि मग जुना तोच. खाली शेतात, चौथ्या बांधावर गंगाराम भारा बांधत होता. त्यानं कंबर सरळ करून डोंगराकडे पाहिलं आणि हातातला पेंढ्याचा वेठ खाली टाकला.

राईत पान हललं नाही. चांगुणा थांबली. थांबणं कसं असतं, ते तिला आता कळत होतं. मग तिनं तिसरी मारली, देहातला सगळा दम लावून, आणि मारता मारताच रडायला लागली.

"किसनाऽऽ! मीच हाय वो! तवा बी मीच होते! लाज वाटली मना. त्या बाया हासल्या आन् मना लाज वाटली. दुसरी हाक मारली नाय. तुमी थांबलात नं? मना म्हाईत हाय, तुमी थांबलात."

आवाज गेला आणि राईनं तो गिळला. काही झालं नाही. कुणी आलं नाही. किती वेळ गेला, तिला कळलं नाही. शेवटी तिनं डोळे पुसले, धोंड्याला हात जोडले आणि ती वळली.

कातळापाशी येऊन तिनं चपलेत पाय घातला, तेव्हा मागून कूक आली.

एकच. हलकी, दमलेली, पुरुषाची. भारद्वाजही संध्याकाळी तसा घुमतो म्हणतात. चांगुणा होती तशीच उभी राहिली. जन्मभराच्या सवयीनं तिनं दुसरीची वाट पाहिली. दुसरी आली नाही. पाय म्हणाले पळ. एका हाकेला ओ द्यायची नाही. तिनंच हजारोंना सांगितलं होतं. दिवेलागण झाली होती, आता तर आवाजही काढायचा नव्हता.

ती राईकडे वळली.

"वो!" ती मोठ्यानं म्हणाली. "वो, आयकला!"

मग ती घरी गेली. किसनच्या चपला तिनं तिथंच राहू दिल्या.

दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठी पळसाच्या पानांचा पुतळा केला. पानं बांधावरून आणली होती, राईतलं एकही नव्हतं. गंगारामनं आग दिली. चांगुणानं कपाळ स्वतः पुसलं, कुणाला हात लावू दिला नाही. संध्याकाळी ती कातळापाशी जाऊन आली. चपला नव्हत्या. कुणी पळवल्या असतील, पर्यटकांचा काय भरवसा. तिनं शोधल्या नाहीत.

पुढच्या रविवारी ठाण्याकडच्या एका कॉलेजची मंडळी आली. चांगुणाबाई कातळापाशी उभी राहिली, रिकाम्या कपाळानं, आणि तिनं नियम सांगितले. शेवटच्या पोराला ऐकू जाईल अशा आवाजात. चपला, पान, कूक.

"आनि कुनी हाक मारली तर वो देवाची," ती म्हणाली. "एक आली तरी देवाची."

"पण मावशी, पाटीवर तर तीन लिहिलंय," पुढची एक मुलगी म्हणाली. "एकच आली तर भूत असतं ना?"

"आसल," चांगुणाबाई म्हणाली. "म्हनून काय त्याला कुनी वो देवाची नाय?"